वेबसाईट आहे, पण गिऱ्हाईक कुठे आहे?



गेल्या महिन्यातली गोष्ट. बेळगावचे एक कुटुंब भर पावसात चोर्ला घाट उतरून आपल्या जेटीवर आले. आपल्या संस्थेच्या वेबसाईटवर त्यांनी 'ताजी इसवण मिळेल' असे वाचले होते. इथे बघतात तर सगळे ट्रॉलर नांगरलेले, खलाशी गावी गेलेले. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बंदी असते, हे आपल्याला पाठ आहे. घाटावरच्या माणसाला ते कसे कळणार? तो मजकूर जानेवारीत टाकलेला होता, कोणी काढलाच नाही. ते काही वाईट बोलले नाहीत. मान आमचीच खाली गेली.

परवाच्या सभेत सभासदांनी विचारले, "वेबसाईटवर पैसे घातले, त्याचा फायदा काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून बंदीच्या दिवसांत आम्ही जाळी विणतात तसे बसून वेबसाईटचीही भोके शोधली. काय सापडले ते सांगतो.

पहिले, पान जड होते. फोनमधले मोठमोठे फोटो जसेच्या तसे चढवले होते. गिऱ्हाईक मोबाईलवर बघते, रेंज कमी असली की पान उघडेपर्यंत ते दुसरीकडे जाते. गूगलच्या हिशेबाने पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. 'पेजस्पीड इनसाइट्स' या गूगलच्या साधनावर हे फुकट तपासता येते. आम्ही फोटो लहान केले, सरकणारी चित्रे काढून टाकली.

दुसरे, दरपत्रक म्हणजे फळ्याचा फोटो होता. शोधणाऱ्याला आपले पान सापडायचे तर दर आणि नावे अक्षरांत लिहिलेली हवीत. आता ती तशी टाइप केली आहेत.

तिसरे, नावे. आपली इसवण मुंबईकडे सुरमई, हॉटेलात किंगफिश, कारवारच्या खाली अंजल, हैदराबादेत वंजरम. सुंगटे म्हणजेच कोळंबी. आपण फक्त आपले नाव लिहिले तर बाकीच्यांना आपण दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक मासळीपुढे सगळी नावे घातली.

चौथे, गूगलच्या नकाशावर संस्थेची नोंद. तिला पैसे पडत नाहीत. जेटीची जागा, लिलावाची वेळ, फोन हे सगळे तिथे दिसते. बंदीत 'तात्पुरते बंद' असे लावता येते. ते लावले असते तर बेळगावचे पाहुणे रिकाम्या हाताने गेले नसते.

पाचवे, पत्त्यापुढचे 'एचटीटीपीएस'. ते नसेल तर क्रोम २०१८ पासून पान 'सुरक्षित नाही' असे दाखवते. अशा ठिकाणी आगाऊ पैसे कोण भरणार? तेही करून घेतले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. बाजारात बसणाऱ्या आपल्या बायांना हे कोणी शिकवले नाही, तरी त्यांना ठाऊक आहे. चांगली मासळी वर मांडायची, पाणी शिंपडायचे, भाव तोंडावर सांगायचा आणि कालची मासळी आजची म्हणून विकायची नाही. वेबसाईट म्हणजे आपली पाटीच. इंटरनेटवरून उचललेले चकचकीत फोटो आम्ही सगळे काढले. दुसऱ्याची मासळी दाखवून आपली विकता येत नाही. खोटे अभिप्राय लिहायचे नाहीत, हेही ठरले.

आता काम तुमचे. १ ऑगस्टला होड्या सुटतील. जेटीला लागण्याआधी तांडेलाने संस्थेच्या ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात: कुठली मासळी, अंदाजे किती. लिलावात एक साधा फोटो काढून पाठवावा. कार्यालयातून तो तारखेसह वेबसाईटवर चढेल. मासळी संपली की 'संपली' असे लगेच लिहिले जाईल. कोणाचा चेहरा फोटोत येत असेल तर आधी विचारा, विशेषतः बायांना.

किती लोकांनी पान बघितले हा आकडा आम्ही सभेत मिरवणार नाही. किती फोन आले, किती मासळी थेट गेली आणि दलालाच्या भावापेक्षा होडीवाल्याच्या हाती किती जास्त पडले, तेवढेच दर महिन्याला मांडू. ते वाढले नाही तर पुन्हा विचारा, तुमचा हक्कच आहे.

आणि बेळगावच्या त्या कुटुंबाला आम्ही फोन करून माफी मागितली आहे. ऑगस्टात पहिली इसवण आली की कळवा, म्हणाले.