मथळा शब्दशः वाचला तर

वर्तमानपत्राचा मथळा शब्दशः वाचायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवलं? शाळेत तर हा धडा नव्हता. तरीही ‘मंत्रिमंडळाला हादरा’ असं वाचून आपण खुर्चीचे हात घट्ट धरत नाही, की ‘कांदा रडवणार’ असं वाचून रुमाल शोधत नाही. मथळ्यानं अर्धं बोलावं आणि उरलेलं अर्धं वाचणाऱ्यानं पदरचं घालावं, असा हा न लिहिलेला करार आहे. पण वाचकहो, समजा एखाद्यानं हा करार मानायचाच नाही असं ठरवलं, आणि जुने मथळे अक्षर न् अक्षर खरे धरले, तर काय काय होईल? ‘केसरी’चे काही गाजलेले मथळे घेऊन आपण हा रिकामा उद्योग करून पाहू. अगदीच रिकामा आहे की नाही, ते पुढं कळेलच.

दिवस ६ जुलै १८९७, मंगळवार. प्लेगनं आणि प्लेगच्या बंदोबस्तानं पुणं आधीच गांजलेलं होतं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, आणि ३ जुलैला ते मरण पावले. गुन्हेगार सापडेना, तेव्हा सरकारचा राग साऱ्या शहरावर निघाला. जादा पोलीस बसले, त्यांचा खर्चही पुणेकरांच्याच माथी. अशा वेळी टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा आला : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’

मराठी माणसाला या प्रश्नाचं उत्तर नको असतं. प्रश्न विचारला, की उत्तर त्यातच आलं. पण कल्पना करा, सचिवालयातल्या एका इमानी अव्वल कारकुनाच्या टेबलावर हा मथळा येऊन पडला. गृहस्थ मोठे नेमस्त. रयतेनं प्रश्न विचारला, त्याला उत्तर गेलंच पाहिजे. सरकारचं डोकं म्हणजे अर्थात गव्हर्नरसाहेब, त्या वेळचे लॉर्ड सँडहर्स्ट. इथवर ठीक. पण ‘ठिकाण’ कोणतं? मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचा मुक्काम हिवाळ्यात मुंबईस मलबार हिलवर, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्याजवळ गणेशखिंडीस असे. (हा भाग माझ्या कल्पनेतला नाही, खरा आहे.) तेव्हा आमचा कारकून दौतीत टाक बुडवून लिहितो : “सरकारचे डोके हल्ली पावसाळ्यानिमित्त गणेशखिंडीस आहे. तथापि मंजूर ठिकाणे तीन असल्याने, प्रश्नकर्त्यास कोणते ठिकाण अभिप्रेत आहे त्याचा खुलासा व्हावा.”

कागद वर गेला. वरच्या साहेबानं समासात शेरा मारला, की आपलं डोकं हे अखेरचं डोकं नव्हे. त्याच्या वर व्हाइसरॉय आहेत, ते उन्हाळ्यात सिमल्यास असतात, आणि त्यांच्याही वरचं डोकं विलायतेत. म्हणजे एकूण डोकी किती आणि त्यांची ठिकाणं किती, याचा तक्ता जोडावा. हिशेब खात्यानं निराळीच शंका काढली : डोकं वर्षातून तीनदा हलतं, त्याबरोबर दप्तरं हलतात, हे सारं समजलं, पण धड कुठं असतं? कारकुनानं बराच विचार केला आणि लिहिलं, “धड म्हणजे रयत. ते बारा महिने ठिकाणावरच असते. त्यास भत्ता नाही.”

पुढचा मथळा आम्हा मास्तर मंडळींना अजून झोंबतो. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. त्या प्रकरणी फर्ग्युसन कॉलेजनं विनायक सावरकर या विद्यार्थ्याला दहा रुपये दंड केला. ‘केसरी’त लेख आला, ‘हे आमचे गुरूच नव्हेत’. हाही शब्दशः घ्या. लगेच ऑफिसातून विचारणा : गुरू नव्हेत, तर मग पगारपत्रकावर सह्या करणारे हे गृहस्थ कोण? आणि आजवर त्यांनी तपासलेल्या पेपरांचे गुण धरायचे की वगळायचे? हा प्रश्न इथंच सोडतो. मलाही नोकरी आहे.

१९०८ साली मे महिन्यात ‘देशाचे दुर्दैव’, जूनमध्ये ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. पहिल्यावर कारकुनाचा शेरा तयार : “दैव हे खाते आमचेकडे नाही.” दुसरा मथळा मात्र त्यानं बिनतक्रार बांधकाम खात्याकडे धाडला. कोणते उपाय, कुठल्या कंत्राटदाराचे, आणि चुन्यात वाळूचं प्रमाण काय होतं, याची चौकशी तिथं होईल.

इथवर गंमत झाली. पण मराठी शब्दशः वाचणारा माणूस मला कल्पनेनं निर्माण करायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. तो हायकोर्टात बसलेलाच होता.

१८९७ च्या सप्टेंबरात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. तो वर सांगितलेल्या मथळ्याबद्दल नव्हता, १५ जूनच्या अंकातल्या मजकुराबद्दल होता. कायद्यातला शब्द होता ‘डिसअफेक्शन’. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला अर्थ सांगितला, की याचा अर्थ साधा प्रीतीचा अभाव. आणि त्याला द्वेष, वैर, तिरस्कार अशी यादी जोडली. प्रीतीचा अभाव! हा अर्थ जरा चालवून पाहा. उद्या सारा भरताना कुळाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते प्रेमाचं की दुसरं कशाचं, याचा पंचनामा कुळकर्ण्यानं करायचा? सहा युरोपियन ज्यूरर एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला, आणि टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी. कारकुनाच्या फायलीहून हे काही फार निराळं नाही. फरक इतकाच, की ही फाईल निकालात निघाली.

१९०८ च्या खटल्यात टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. सरकारी अनुवादकाची उलटतपासणी घेतली, मराठी शब्द इंग्रजीत जाताना कुठं मोडला, कुठं नको तितका तिखट झाला, ते एकेक करून दाखवलं, आणि मग ज्यूरीपुढं सुमारे एकवीस तास भाषण केलं. मराठी जाणणारी ज्यूरी असावी, हे त्यांच्या बाजूचं म्हणणं आधीच फेटाळलेलं होतं. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. पुढं टिळकांना मंडालेला ठेवलं, ते १९१४ साली परत आले.

आमच्या कारकुनानं त्या दोन्ही मथळ्यांतले शब्द मोजले. ‘देशाचे दुर्दैव’ दोन, ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ चार. एकूण सहा, दर शब्दास एक वर्ष. हिशेब बरोबर आहे असं त्यानं समासात नोंदवलं, आणि खाली एक शंका काढली : हजार रुपये कोणत्या विरामचिन्हापोटी?