रक्तकणांवरील शर्करेची खूण

आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागी प्रथिने व स्निग्ध द्रव्ये यांस शर्करांच्या साखळ्या जडलेल्या असतात. ए, बी, ओ हे रक्तगट त्यांवरूनच ठरतात. डोळ्यांस न दिसणाऱ्या या शर्करा ओळखाव्या कशा? विशिष्ट शर्करेसच चिकटणारे द्रव्य मिसळावे. पेशींच्या गुठळ्या झाल्यास ती शर्करा आहे असे जाणावे. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी नेहमीच्या परीक्षेत ‘ओ’ भासणारे, परंतु ‘ओ’ रक्तातील फ्यूकोज शर्करेची ‘एच’ खूणही नसलेले रक्त प्रसिद्धीस आणले. अशा ‘बॉम्बे’ गटाच्या रोग्यास ‘ओ’ रक्त दिल्यास प्राणांवर बेतते. एका युरोपीय काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क ‘एच’ला चिकटतो व हा भेद उघड करतो. तात्पर्य, वरवरचे साम्य परीक्षेवाचून खरे मानू नये.