जुना फोन भंगारात देताय? थांबा, आधी हे वाचा

तुमच्या घरात बंद पडलेले फोन किती आहेत, जरा मोजून बघा. माझ्या कपाटात तीन निघाले, चार्जर आणि हेडफोन तर मोजलेच नाहीत. हा सगळा ई-कचरा. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर रिसायकल झाल्याची नोंद आहे.

तुम्ही म्हणाल, भंगारवाल्याला दिला की झालं! खरं तर घरोघरी फिरून वस्तू गोळा करायचं काम तो चांगलंच करतो. गडबड होते ती पुढे. फोनच्या सर्किट बोर्डमध्ये तांबं, चांदी आणि अगदी थोडं सोनं असतं. ते काढायला छोट्या शेडमध्ये बोर्ड जाळतात किंवा ॲसिडमध्ये बुडवतात, तेही बऱ्याचदा उघड्या हातांनी. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद यासाठी बदनाम झालं. बोर्ड जाळून उरलेली काळी राख तिथे रामगंगा नदीच्या काठावर पडायची. म्हणजे शिशासारखे विषारी धातू थेट पाण्यात.

हेच काम नीट केलं तर? टोकियो ऑलिम्पिकची जवळपास ५,००० पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तूंमधल्या धातूंपासून बनली. त्यात सुमारे ६२ लाख मोबाईल होते, आणि सगळं मिळून सोनं निघालं फक्त ३२ किलो! त्यामुळे एका फोनमागे कुणी मोठी रक्कम देईल ही आशा सोडा.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यानुसार फोन रिसायकल करवून घ्यायची जबाबदारी तो बनवणाऱ्या कंपनीवर आहे. म्हणून आधी तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी करा. फोन कुणी दुसराच घेणार असेल, तर तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो का, हे बिनधास्त विचारा. फोन चालू असेल तर मात्र तो कचरा नाहीच. बॅटरी बदलून घरातल्या कुणाला तरी द्या, माझ्या मते हा सगळ्यात चांगला उपाय.

देण्याआधी फोटोंचा बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा. मग आधी गूगल अकाउंट काढायचं आणि त्यानंतरच फॅक्टरी रिसेट. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करायला विसरू नका. फोन चालूच होत नसेल, तर दुसऱ्या फोनवरून त्या अकाउंटमध्ये जाऊन जुन्या फोनचं लॉगिन काढून टाका.

आणि बॅटरी फुगलेली असेल तर? ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. घंटागाडीतही टाकू नका, कचरा दाबताना ती पेट घेऊ शकते. फोन देताना काउंटरवर आधीच सांगा की बॅटरी फुगली आहे, ते ती वेगळी ठेवतील.