गाडीच्या डोळ्यातला मोतीबिंदू

गाडी पाच-सहा वर्षांची झाली की हेडलाइटची काच पिवळट, धुरकट दिसू लागते. इंजिन ठणठणीत असते, टायर नवे असतात, विमाही भरलेला असतो. पण रात्री रस्ता पूर्वीसारखा दिसत नाही. चालक आधी बल्बला दोष देतो, मग चष्म्याला, मग समोरून येणाऱ्या झगझगीत एलईडी दिव्यांना. काचेकडे लक्ष जात नाही, कारण हा बदल फार सावकाश होतो. मोतीबिंदूच्या रुग्णाचेही नेमके असेच होते.

मुळात ही काच काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. 1953 मध्ये जर्मनी आणि अमेरिका या दोन्ही देशांत जवळपास एकाच वेळी ते तयार झाले आणि 1980च्या दशकापासून मोटारींच्या दिव्यांवर काचेची जागा घेऊ लागले. वजनाला हलके, हव्या त्या आकारात घडवता येणारे आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारे. याच गुणामुळे लहान मुलांच्या चष्म्यासाठीही ते सुचवले जाते. त्याची उणीव एकच: ते सूर्याची अतिनील किरणे शोषून घेते. त्यातून रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतला प्राणवायू त्यात शिरतो आणि पिवळी संयुगे तयार होतात. हे टाळण्यासाठी कारखान्यात त्यावर एक पातळ संरक्षक थर दिलेला असतो. ऊन, धूळ, रेतीचा मारा आणि कोरड्या फडक्याने केलेली पुसापुशी यांनी हा थर झिजला की प्लास्टिक उघडे पडते.

प्रश्न दिसण्याचा नाही, थांबण्याचा

अमेरिकेतील एएए या मोटारचालक संघटनेने 2018 मध्ये केलेल्या चाचण्यांत, पिवळ्या पडलेल्या काचांमधून नव्या दिव्याच्या जेमतेम 20 टक्के प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले. आता साधे गणित करू. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो. म्हणजे प्रकाश एक पंचमांश उरला, की पूर्वी 70 मीटरवर दिसणारी वस्तू तेवढीच स्पष्ट दिसायला ढोबळमानाने 31 मीटरवर यावी लागेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या दीड सेकंदात 25 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे 20 मीटर घेते. एकूण 45 मीटर. दिसले 31 मीटरवर आणि थांबलो 45 मीटरवर, तर मधल्या 14 मीटरांत काय होते, ते अपघात विभागात काम करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. साखर हंगामात मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली, कडेने चालणारा वाटसरू, अंगावर काळे घोंगडे घेतलेला मेंढपाळ यांचा जीव या 14 मीटरांवर अवलंबून असतो.

त्यात चालकाच्या वयाची भर पडते. वाढत्या वयात डोळ्याची बाहुली अंधारात पुरेशी मोठी होत नाही आणि डोळ्यातले भिंगही पिवळट होते. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. दोन्ही उणिवांचा गुणाकार होतो, बेरीज नव्हे.

घरी काय करता येईल

आधी काच धुऊन बोट फिरवून पाहा. खरखरीतपणा बाहेरून लागत असेल, तर दुरुस्ती घरी शक्य आहे. दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. मग वॉटर पेपर भरपूर पाण्यात भिजवून घासा: आधी 800 किंवा 1000 नंबर, मग 2000, शेवटी 3000. सुरुवातीला काच आणखी पांढुरकी दिसेल, घाबरू नका. वाहून जाणारे पिवळे पाणी पांढरे झाले की पुढच्या नंबरवर जा. शेवटी रबिंग कंपाउंडने चकाकी आणा, पुसून पूर्ण कोरडे करा आणि अतिनील किरणे रोखणारा क्लिअर कोट द्या. ही शेवटची पायरी गाळली तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. टूथपेस्टची चमक अल्पायुषी ठरते ती याचमुळे: ती घासते, पण संरक्षण देत नाही. डास पळवणारे मलम लावण्याचा उपाय तर उलटतो. त्यातले डीट हे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. तेवढ्यापुरती काच चमकते आणि नंतर अधिक खराब होते.

आरोग्याच्या दृष्टीने दोन गोष्टी पाळा. कोरडे घासू नका. बारीक भुकटी डोळ्यांत आणि श्वासात जाते. हातमोजे आणि बंद चष्मा वापरा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हार्डनर मिसळून मारायच्या क्लिअर कोटमध्ये बहुधा आयसोसायनेट असते. रंगकाम करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे ते एक प्रमुख कारण आहे. एकदा त्याची ॲलर्जी जडली की नंतर अगदी अल्प वाफेनेही दमा उसळू शकतो. रुमाल किंवा साधा मास्क ही वाफ अडवत नाही. त्यामुळे असा स्प्रे घरी, विशेषतः बंद पार्किंगमध्ये, मारू नये. फडक्याने पुसून लावायचा, आयसोसायनेट नसलेला कोट निवडावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

बदलणे केव्हा बरे

काचेच्या आत पाणी साचत असेल, तडा गेला असेल, पिवळेपणा आतून असेल किंवा मागचा आरसा काळवंडला असेल, तर घासून उपयोग नाही, दिवा बदलावा. दुरुस्त केलेली काचही नव्याची बरोबरी करत नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांत तिने सुमारे 70 टक्के प्रकाश परत मिळवला, पण चकाकीही वाढली. नवा दिवा बसवल्यावर झोताची उंची गॅरेजमध्ये तपासून घ्या, नाहीतर आपला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. धुरकट काचेवर जास्त वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि धूसर काच तो प्रकाश रस्त्यावर न टाकता चौफेर उधळते.

काच स्वच्छ झाल्यावरही समोरच्या दिव्याभोवती वलये दिसत असतील किंवा रात्री रस्ता अंधुकच वाटत असेल, तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू थेंबांनी जात नाही. तेथे भिंग बदलणे हाच उपाय आहे. असे पहिले कृत्रिम भिंग 1949 मध्ये लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी बसवले, तेही प्लास्टिकचेच होते. आज ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते. चाळिशीनंतर वर्षातून एकदा गाडीचे दिवे आणि स्वतःचे डोळे, दोन्ही तपासावेत.