घोडे पेंड कोठे खाते?

मराठी भाषेच्या तबेल्यात घोडे पुष्कळ आहेत आणि त्यांना दाणावैरण मुळीच लागत नाही. आपण वरातीमागून घोडे नाचवतो, चारचौघांत आपलेच घोडे दामटतो, रखडलेले काम एकदाचे पार पडले की त्याला गंगेत न्हाऊ घालतो. वाटेत नाल सापडला म्हणून घोडा घ्यायला निघालेला शहाणा तर घरोघरी असतोच. गेली वीस वर्षे वर्गात हे घोडे मी विनाखर्च हाकत आलो आहे. परंतु हाडामासाच्या घोड्याला महिन्याकाठी काय लागते, याचा हिशेब वही-पेन्सिल घेऊन मांडण्याचा योग गेल्या वर्षी आला. आणि मग आपल्या पूर्वजांच्या पागेविषयी जे पाठ केले होते, ते पहिल्यांदा कळले.

निमित्त आमच्या कन्येचे. वय चौदा. दोन वर्षे ती दर रविवारी पुण्याबाहेरच्या एका तबेल्यात घोड्यावर बसायला शिकते आहे. तबेला चालवणारे गृहस्थ घोडदळातून निवृत्त झालेले रिसालदार. बोलणे मोजके, मिशा मात्र सढळ. एके दिवशी ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, शर्यतीतून उतरलेला एक घोडा आला आहे. नऊ वर्षांचा, कुमैत, स्वभावाने गरीब. मालकाला पैसे नकोत, चांगलं घर हवं. बेबीचा जीव जडला आहे त्याच्यावर. घेऊन टाका."

फुकट घोडा! त्या रात्री आमच्या घरात कोणाला झोप लागली नसेल. कन्येला आनंदाने आणि सौभाग्यवतींना काळजीने. मला दोन्हींनी.

शर्यतीच्या घोड्याचे आयुष्य मोठे चमत्कारिक असते. दुसऱ्या वर्षी तो पळू लागतो. पुण्यात साधारण जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईस महालक्ष्मीला नोव्हेंबर ते एप्रिल, असे पळता पळता सहा-सात वर्षांचा झाला की बहुधा त्याची नोकरी सुटते. नोकरी सुटते, पण आयुष्य राहते. बरी निगा मिळाली तर घोडा सहज पंचवीस वर्षे जगतो, काही तिशीही पाहतात. म्हणजे पेन्शन नाही, फंड नाही, आणि उरलेले आयुष्य कमावत्या काळाच्या चौपट! फुकट मिळतो तो या हिशेबाचा घोडा.

दुसऱ्या रविवारी मी रिसालदारसाहेबांपुढे वही उघडून बसलो. "महिन्याचे चोवीस हजार," ते म्हणाले. "नाल आणि डॉक्टर वेगळे." आमच्या दोन खोल्यांच्या घरकर्जाचा हप्ता तेवीस हजार आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. आसपासच्या आणखी दोन तबेल्यांत विचारून आलो. तेथेही आकडा फारसा खाली उतरेना. तेव्हा हे पैसे जातात कोठे, हे पाहणे भाग होते.

प्रथम पोट. साडेचारशे-पाचशे किलोच्या घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडे अन्न लागते. म्हणजे नऊ-दहा किलो. त्यात मुख्य गवत. वर ओट, भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, मिळाला तर लसूणघास. पाणी तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बरे, हे सारे दोन वेळा पुढ्यात टाकून मोकळे होता येत नाही. एवढ्या थोरल्या देहात जठर अगदी लहान. मोकळ्या कुरणात घोडा दिवसाचे चौदा-पंधरा तास चरत असतो, तेव्हा तबेल्यातही त्याला थोडे थोडे आणि वेळेवर द्यावे लागते. त्यातून निसर्गाने त्याला ओकारीची सोय ठेवलेली नाही. खाण्यात चूक झाली, दाणा अचानक बदलला, गवताला बुरशी असली की पोटशूळ उठतो. आणि घोड्याचा पोटशूळ हा एका रात्रीत त्याचा जीव घेऊ शकतो. स्वस्त गवत हे घोड्याच्या बाबतीत सर्वांत महाग गवत!

मग अंथरूण. ठाणावर पेंढा किंवा लाकडाचा भुसा पसरायचा. रोज वीसेक किलो लीद काढायची, भिजलेला भाग उचलायचा, नवा पसरायचा. ओल राहिली तर खुराला कीड लागते. खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर सहा आठवड्यांनी नालबंद येतो. जुने नाल काढतो, खूर तासतो, नवे ठोकतो. चांगले नालबंद आता थोडे राहिले आहेत आणि त्यांना आपली किंमत ठाऊक आहे. जंताचे औषध, धनुर्वाताची लस, ग्लँडर्स या रोगासाठी रक्ताची तपासणी, वर्षातून एकदा दातांच्या कडा कानशीने घासून घेणे, ही किरकोळ कलमे.

आणि सगळ्यांच्या वर मोतद्दार. पहाटे पाचला तो दाणा देतो, खरारा करतो, पाय चाचपून कोठे ऊन लागते का पाहतो. दिवाळी असो, त्याच्या मुलीचे लग्न असो, ते पाच चुकत नाहीत. एका मोतद्दाराकडे दोन-तीन घोडे असतात, म्हणून त्याचा पगार दोन-तीन मालकांत वाटला जातो. चोवीस हजारांत त्याच्या वाट्याला काय येते, याचाही मी हिशेब केला. त्यानंतर तो आकडा मला फार वाटेनासा झाला.

मला खरी अडचण दिसली ती निराळीच. मोटार वापरली नाही तर पेट्रोल लागत नाही. घोड्याचे तसे नाही. कन्येची परीक्षा असो, पाऊस असो, घोडा लंगडत असो, चंदी चालूच. उलट लंगडा घोडा अधिक खर्चाचा. नाल आणि औषध धरून वर्षाचे तीन लाखांवर जातात. घोडा नऊ वर्षांचा. पंचविसापर्यंत जगला तर सोळा वर्षे. गुणाकार करून मी वही सौभाग्यवतींपुढे सरकवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाल्या, "पन्नास लाख! आणि सोळा वर्षांनी ही तीस वर्षांची असेल. तेव्हा त्याला पाहणार कोण, आपण?"

घोडे येथे पेंड खात होते.

हा प्रश्न आपल्याकडे कोणी फार पूर्वी सोडवला होता, हे मला वर्गातली बखर उघडताना उमगले. शिवकालात स्वार दोन प्रकारचे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार दिमाखाचा खरा, पण घोडा पडला तर त्याची रोजी पडली. बारगिराच्या घोड्याचे पोट सरकारच्या माथी. सभासद सांगतो की, पागेतल्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे आज रिसालदारसाहेब जो खर्च वाटून घालतात, तोच तेथेही वाटलेला होता. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीस आले की दाणा, औषधे, गवताने शाकारलेली छपरे अगोदर तयार ठेवायची. लढाई नसते तेव्हाही घोडे खातात, ही गोष्ट त्या राज्याने खात्यावर लिहून ठेवली होती.

आणि चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र! रयतेच्या भाजीच्या देठाची काळजी म्हणून आपण ते सभांतून सांगतो. पण ते मुळात दाणावैरणीचे पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आताच मनमानी उधळाल तर पुढे मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असे त्यात बजावले आहे. घोडी उपाशी पडली की शिपाई कुणब्याच्या घरात शिरणार, हे पुढचे. दिव्याची जळती वात उंदीर पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील, इथवर महाराजांची नजर गेली आहे. पागेचा हिशेब चुकला तर तो शेवटी गरिबाच्या घरातून वसूल होतो, हे ज्याला दिसले त्याने गवताच्या काडीवर पत्र लिहिले. पागनीस हे आडनाव आता मला अधिक आदराचे वाटते.

शिलेदार मात्र अजून संपलेले नाहीत. गेल्या डिसेंबरात माथेरानला गेलो होतो. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर चारशेहून अधिक घोडी पर्यटकांना पाठीवर घेऊन हिंडतात आणि बहुतेकांचा मालक हाच त्यांचा मोतद्दार. २०२० मध्ये टाळेबंदीने पर्यटक बंद झाले तेव्हा या घोड्यांच्या तोंडचा तोबरा गेला. काही संस्थांनी दाणा पोचवला, पण रोजचे दहा किलो दानावर कसे भागणार? एक घोडेवाला मला म्हणाला, "दाणा बंद केला साहेब, नुसत्या गवतावर ठेवलं. आम्ही पण तसेच राहिलो. पण विकायचा कुणाला? घेणारा त्याला घालणार काय?" २०२२ च्या अखेरीस तेथे ई-रिक्षा धावू लागल्या. हातरिक्षा ओढणाऱ्यांची त्या जीवघेण्या कामातून सुटका व्हायलाच हवी, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या रिक्षेत बसलेला प्रवासी घोड्यावर बसत नाही, आणि घोडा तर रोज खातोच.

आमच्यापुरते सांगायचे तर कन्या बारगीर झाली. घोडा आम्ही घेतला नाही. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझी वही मागून घेतली आणि गुणाकार पुन्हा करून पाहिला. रिसालदारसाहेबांनी घोडा तबेल्यातच ठेवला. सकाळ-संध्याकाळ शिकाऊ मुले त्याच्यावर बसतात, त्यांच्या फीमधून त्याची चंदी निघते, आणि रविवारचा एक तास आमचा.

"अजून आठ-नऊ वर्षं करेल तो काम," ते म्हणाले.

"आणि मग?" मी विचारले.

त्यांनी टोकाच्या ठाणाकडे बोट दाखवले. तेथे एक पांढरी घोडी उभी होती. वय सव्वीस. चार वर्षांत तिच्या पाठीवर खोगीर चढलेले नाही. दात झिजून गेल्यामुळे गवत चावता येत नाही, म्हणून कोंडा आणि दाणा कोमट पाण्यात कालवून दिवसातून चार वेळा द्यावा लागतो. तिचा कोणी मालक नाही, म्हणून तिचे बिलही कोणाच्या नावे निघत नाही. मोतद्दार बादलीत कोपरापर्यंत हात घालून कोंड्याच्या गुठळ्या फोडत होता, आणि घोडी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून वाट पाहत उभी होती.