करविले कोणी, घडविले कोणी?

राधानगरी परिसरातील एखाद्या तरुणाने दाजीपूरच्या जंगलातील गवा रंगविला, तर ते चित्र रसिकांपुढे मांडण्यासाठी त्याला सुमारे ५० किलोमीटरवरील कोल्हापूर गाठावे लागते. तेथे चित्राकडे पाहण्याआधी त्यालाच विचारले जाते : आपण कोण, कोणाचे शिष्य, प्रदर्शने किती भरविली? गप्प राहावे तर काम दुर्लक्षित राहते. बोलावे तर अहंकाराचा ठपका येतो. उत्तम मार्दवाचे संस्कार लाभलेल्या घरांतील मुलांना ही कोंडी अधिकच जाणवते.

या कोंडीतून वाट आपल्या शास्त्रातच सापडते. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या ६ व्या अध्यायात नीचगोत्र कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत : परनिंदा, आत्मप्रशंसा, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे आणि स्वतःचे नसलेले गुण मिरविणे. आपले काम लोकांपुढे ठेवणे व ते आपले आहे असे सांगणे यांत यांपैकी एकही दोष नाही. मात्र तिसरे कारण कलावंतापेक्षा समाजालाच अधिक लागू पडते.

इतिहासात स्वतःची ओळख ठामपणे सांगणारे कलावंत झाले. इ. स. ६३४ मध्ये ऐहोळे येथील मेगुती जिनालयाच्या शिलालेखात जैन कवी रविकीर्तीने आपली कीर्ती कालिदास व भारवी यांच्या तोडीची असल्याचे नोंदविले. हा आत्मगौरव खराच. पण त्याच नोंदीमुळे ते दोन महाकवी त्यापूर्वीचे, हे अभ्यासकांना निश्चित करता आले. याउलट श्रवणबेळगोळच्या सुमारे ५७ फुटी बाहुबलींच्या चरणांपाशी मराठीत कोरलेल्या प्रसिद्ध लेखात मूर्ती चामुंडरायाने करविल्याची नोंद आहे. करविणाऱ्याचे नाव उरले; घडविणाऱ्या शिल्पकाराचा त्यात उल्लेख नाही.

कोल्हापूरनेही दोन्ही प्रकृतींचे कलावंत पाहिले. बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) यांनी आपली कलाच आडनाव म्हणून मिरविली आणि ते ‘बाबूराव पेंटर’ झाले. नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या या कलावंताने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगविली. काम लोकांपर्यंत पोहोचविणे हाही कलेचाच भाग, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या आधीच्या पिढीतील आबालाल रहिमान मात्र प्रसिद्धीपासून दूर, कोटीतीर्थ व रंकाळ्याच्या परिसरातील निसर्ग रंगविण्यात रमले. तरीही ते उपेक्षित राहिले नाहीत, कारण त्यांना पारखणारा राजा लाभला. राधानगरीचे धरण उभारण्यास हात घालणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनीच त्यांना दरबारी आश्रय दिला. गुणग्राहक भेटला की कलावंताला स्वतःचा डंका पिटावा लागत नाही.

आज तो गुणग्राहक राजा म्हणजे आपण समाज आहोत. जिनमंदिराचा जीर्णोद्धार होतो तेव्हा संगमरवरी फलकावर दात्यांची नावे रकमेसह कोरली जातात, आणि ते उचितच आहे. पण शिखर साकारणारा कारागीर, भिंतीवर तीर्थंकरचरित्र रंगविणारा चित्रकार, पूजेची पदे रचणारी भगिनी यांच्यासाठी त्या फलकावर सहसा एक ओळही नसते. त्यांचे गुण आपण झाकतो आणि पुढे त्यांनीच स्वतःविषयी बोलावे लागले की त्यांना मानकषायी म्हणतो. हा न्याय नव्हे.

कलावंतानेही मर्यादा पाळावी. परिचयपत्रात जे केले तेवढेच लिहावे, गुरूंचे व सहकाऱ्यांचे ऋण सांगावे, दुसऱ्याच्या कामाला कमी लेखू नये. एवढे सांभाळले तर चित्राच्या कोपऱ्यातील सही मार्दवाला बाधक ठरत नाही. ती कामाची जबाबदारी स्वीकारणारी सही असते.

पुढच्या पंचकल्याणक महोत्सवाच्या स्मरणिकेत दात्यांच्या यादीनंतर एक पान घडविणाऱ्यांसाठी राखावे. त्यास खर्च एका पानाचाच येईल. राधानगरीहून चित्रांची गुंडाळी घेऊन एसटीने आलेल्या त्या तरुणाला मग स्वतःची थोरवी सांगावी लागणार नाही. ती सांगणे समाजाने आपल्याकडे घेतलेले असेल.