फाईल डिलीट करायची, मग फंक्शनचं नाव ‘अनलिंक’ का?

कंधारच्या एखाद्या शेताचा फेरफार होतो तेव्हा सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, नवं नाव चढतं. जमीन तिथंच असते. गट नंबरही तोच.

कॉम्प्युटरमध्ये फाईल डिलीट होते तेव्हा साधारण हेच घडतं.

पीएचपी शिकणारी पोरं इथं हमखास अडखळतात. कॉपी करायचं फंक्शन ‘कॉपी’, नाव बदलायचं ‘रिनेम’, पण फाईल उडवायचं मात्र ‘अनलिंक’. म्हणजे दुवा तोडणं.

हे नाव युनिक्सचं. अमेरिकेच्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही सिस्टीम उभी केली. त्यात फोल्डर म्हणजे निव्वळ रजिस्टर. एका बाजूला फाईलचं नाव, दुसऱ्या बाजूला आयनोड नंबर, म्हणजे आपला गट नंबरच म्हणा. एका नंबरावर दोन-तीन नावंही लागतात, सामाईक खातेदारांसारखी. अनलिंक त्यातलं एक नाव खोडतं. शेवटचं नाव गेलं आणि फाईल कुठल्या प्रोग्रॅमनं उघडून ठेवलेली नसली, तरच ती जागा मोकळी धरली जाते. तरीही आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. म्हणूनच हार्डडिस्कवरून उडालेले फोटो पुष्कळदा परत काढता येतात, आणि जुना लॅपटॉप विकताना नुसतं डिलीट पुरत नाही.

युनिक्सवाल्यांना नावं आखूड करायची भारी हौस. ‘क्रिएट’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’सुद्धा त्यांनी गाळला. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असं विचारल्यावर थॉम्प्सन गमतीनं म्हणाले होते, तो ‘ई’ परत लावेन.

नंतरच्या भाषांनी नावं सोपी केली. पायथनमध्ये ‘रिमूव्ह’ आणि ‘अनलिंक’ दोन्ही आहेत, काम एकच. रस्टमध्ये अख्खं फोल्डर उडवायच्या फंक्शनच्या नावात ‘ऑल’ येतं. ते बरं आहे, टाईप करताना हात जरा थबकतो.

खरा धोका साध्या दिसणाऱ्या ‘रिनेम’मध्ये आहे. समजा, पायथनमधून ‘कंधार’ नावाच्या फाईलला ‘नांदेड’ नाव दिलं, आणि ‘नांदेड’ नावाची फाईल आधीपासून तिथं आहे. विंडोज एरर देऊन थांबतं. लिनक्स मात्र सहसा न विचारता जुनी ‘नांदेड’ घालवून टाकतं. म्हणून २०१२ मध्ये पायथन ३.३ नं ‘रिप्लेस’ नावाचं वेगळं फंक्शन दिलं. तेही जुनी फाईल घालवतंच, पण दोन्हीकडे सारखंच वागतं आणि नावातच तसं सांगतं.